घरच्या संगणकाचा पहारा

कार्यालयातील संगणक आणि घरातील संगणक ही दोन यंत्रे आतून सारखीच असली, तरी त्यांच्याभोवतीची माणसांची व्यवस्था अगदी निराळी असते. कार्यालयात यंत्र विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा, देखरेख करणारा तिसरा आणि काही बिघडल्यास जाब देणारा चौथा असतो. घरात मात्र या चारही भूमिका एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. तो माणूस बहुधा शिक्षक, दुकानदार, शेती सांभाळून काही लिखापढी करणारा गृहस्थ किंवा महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असतो, आणि त्याने संगणक घेतलेला असतो तो अर्ज लिहायला, हिशेब ठेवायला, फोटो साठवायला. संगणकीय विषाणूंपासून यंत्र वाचवताना त्याला जो वैताग येतो, त्याचे खापर सर्रास त्याच्याच अज्ञानावर फोडले जाते. हे निदान सोयीचे आहे, पण बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूरसारखे, कलबुर्गीच्या शिवेलगतचे आणि मराठी, कन्नड व दखनी-उर्दू अशा तीन भाषांत वावरणारे गाव समोर ठेवून पाहिले, तर ते फारसे टिकत नाही.

संगणकीय विषाणू म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमात किंवा चकतीच्या आरंभीच्या भागात स्वतःची प्रत घुसवणारा आणि ती प्रत पुढे इतरत्र पसरवणारा छोटा कार्यक्रम, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येते. दुसऱ्या कार्यक्रमाचा आधार न घेता स्वतंत्रपणे पसरणाऱ्यास ‘वर्म’ म्हणतात, आणि उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन आत शिरणाऱ्यास ‘ट्रोजन’. अभ्यासकांना हे भेद महत्त्वाचे वाटतात. घरात मात्र ‘कॉम्प्युटरला व्हायरस लागला’ एवढ्या एका वाक्यात सगळे येते, आणि ज्याला यंत्र पुन्हा चालू झाल्याशी कर्तव्य आहे त्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसेही असते.

शहरातील पुस्तके विषाणूंचा प्रवास इंटरनेटवरून होतो असे गृहीत धरून लिहिलेली असतात. सीमाभागातील खेड्यांत, निदान २००५ ते २०१५ या काळात, तो प्रामुख्याने खिशातून होत होता. इंटरनेट तुटपुंजे होते, पण पेन ड्राइव्ह मात्र घरोघर पोचला होता. आणि तो इतका फिरण्यामागे असे एक कारण होते, ज्याकडे सुरक्षेवर लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचितच गेले. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, सर्वसामान्यांच्या वापरात येण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा निरनिराळ्या फॉन्टांत टंकला जाई, कन्नड मजकूर नुडी किंवा बरहमध्ये. आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तेथे त्या मजकुराचे अर्थहीन चिन्हांत रूपांतर होई. म्हणून लग्नपत्रिका, जत्रेचे किंवा उरुसाचे पत्रक, पतसंस्थेची नोटीस असा मजकूर ईमेलने धाडण्यापेक्षा तो फॉन्टसह पेन ड्राइव्हमध्ये भरून बसवकल्याण, उमरगा किंवा आळंदच्या डीटीपीच्या दुकानात घेऊन जाणे हाच भरवशाचा मार्ग होता. एका भाषेच्या गावाला हा खटाटोप एकदा करावा लागे. दोन लिप्यांतून कागद काढणाऱ्या गावाला दोनदा. दुकानातील ज्या संगणकात दिवसभर परक्या पेन ड्राइव्हांची ये-जा चाले, त्यातून घरी परतणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये पत्रिकेबरोबर आणखी काय आले आहे, हे पाहण्याचे साधन ना दुकानदाराकडे होते ना गिऱ्हाइकाकडे.

काय आलेले असे, हे त्या पिढीतील कोणालाही सांगता येईल. पेन ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाचा पिवळा फोल्डर दिसे, तो उघडायला जावे तर काहीच घडत नाही असे वाटे, आणि प्रत्यक्षात तो फोल्डर नसून फोल्डरचे चित्र पांघरलेला कार्यक्रम असे. विंडोज या प्रणालीत फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे ती कोणत्या जातीची आहे हे सांगणारे विस्तारनाम, मुळातच दडवून ठेवण्याची प्रथा असल्यामुळे ‘ईएक्सई’ ही तीन अक्षरे दिसतच नसत, आणि सोंग उघडे पडण्याचा सोपा मार्ग बंद होई. दुसऱ्या एका प्रकारात खरे फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट येत, आणि मग सगळे फोटो गेले म्हणून घरात रडारड होई. वास्तविक फोटो जागच्या जागी असत, त्यांच्यावर ‘लपवलेले’ आणि ‘प्रणालीचे’ अशा दोन खुणा तेवढ्या मारलेल्या असत. त्या खुणा पुसणारी ‘अ‍ॅट्रिब’ नावाची काळ्या खिडकीत टंकायची आज्ञा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली असे आणि ती एका गावातून दुसऱ्या गावात विंचवाच्या मंत्रासारखी जाई, फरक इतकाच की ही लागू पडे. २००७ च्या सुमारास भारतात पसरलेला एक वर्म तर ऑर्कुट हे तेव्हाचे समाजमाध्यम उघडू पाहणाऱ्याला वेड्यात काढून ती खिडकी बंद करी आणि फायरफॉक्स हा ब्राउझर वापरू देत नसे. त्याला पैसे नको होते, कोणाची तरी खोडी काढायची होती, आणि आजच्या खंडणीखोर विषाणूंपुढे तो जवळजवळ निरागस वाटतो.

आता या साऱ्यात चूक कोणाची, हा प्रश्न नीट विचारायला हवा. विंडोज ९५ बरोबर, म्हणजे १९९५ मध्ये, ‘ऑटोरन’ नावाची एक सोय आली. सीडी आत सरकवली की संगणकाने तिच्यावरील एक लहानशी सूचनाफाईल वाचावी आणि तीत सांगितलेला कार्यक्रम आपणहून सुरू करावा, म्हणजे नवख्या माणसाला काही शोधावे लागणार नाही, असा तिचा हेतू होता. सीडी कारखान्यात छापली जाई आणि तिच्यावर नंतर काही लिहिता येत नसे, तोपर्यंत यात मोठा धोका नव्हता. पेन ड्राइव्ह मात्र कोणीही, कोठेही, कितीही वेळा लिहू शकतो. तरीही तीच मुभा थोड्याफार फरकाने त्यालाही मिळाली, आणि ड्राइव्हच्या चिन्हावर सवयीप्रमाणे दोनदा टिचकी मारली, की त्यात काय आहे ते दिसण्याऐवजी त्यात दडलेला कार्यक्रम चालू होऊ लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकटलेल्या आणि लाखो यंत्रांत शिरलेल्या कॉन्फिकर या वर्मच्या पुढच्या आवृत्तीने तर ‘फाईली पाहण्यासाठी फोल्डर उघडा’ असा अस्सल वाटणारा पर्यायच ड्राइव्ह जोडताच उघडणाऱ्या खिडकीत उभा केला. विंडोज ७ मध्ये ही मुभा पेन ड्राइव्हपुरती काढून घेतली गेली आणि जुन्या आवृत्त्यांसाठी ती सर्वसाधारण अद्ययावत प्रक्रियेतून बंद झाली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. सोळा वर्षे दार बांधणाऱ्यानेच उघडे ठेवले होते. आणि त्या सोळा वर्षांत घरच्या माणसाला उपदेश मिळत राहिला तो सावध राहण्याचा, परक्याची वस्तू न घेण्याचा. ज्या गावात पाहुण्याच्या हातची वस्तू आधी तपासून मग घेणे हा त्याचा अपमान ठरतो, तेथे भाच्याने आणलेला पेन ड्राइव्ह त्याच्या देखत ‘स्कॅन’ करून मग उघडायचा, हा सल्ला ज्यांनी लिहिला त्यांनी घरे पाहिली नसावीत.

दार बंद करणारी दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर ती घरापर्यंत पोचली का, याचेही उत्तर सरळ नाही. छप्पन्न किलोबिट गतीच्या टेलिफोन जोडणीवरून वीस मेगाबाइटांची फाईल उतरवायला, सारे सुरळीत चालले तरी, पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. मध्येच लाइट गेली की अनेकदा पहिल्यापासून सुरुवात. त्याहून मोठा अडसर निराळाच होता. गावोगावच्या दुकानांत ‘विंडोज टाकून’ मिळे ती बहुधा परवान्याविनाची प्रत असे, आणि मायक्रोसॉफ्टने २००५-०६ पासून प्रत अस्सल आहे की नाही हे पडताळून तशी सूचना पडद्यावर झळकवणारी व्यवस्था आणल्यावर ती सूचना टाळण्याचा सोपा उपाय म्हणून दुकानदार स्वयंचलित अद्ययावतीकरणच बंद करून देत. गिऱ्हाइकाची सोय झाली, तक्रार मिटली, आणि यंत्र कायमचे उघडे पडले. १२ मे २०१७ रोजी सुमारे दीडशे देशांत पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाईली कुलूपबंद करून तीनशे डॉलरांच्या बिटकॉइनची मागणी केली, तेव्हा त्याने वापरलेल्या फटीवरची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध झालेली होती. परवान्याविनाच्या प्रतींबाबत इतिहासाचा विनोद असा, की वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू, जानेवारी १९८६ मधील ‘ब्रेन’, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी. आणि त्यात त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता व टेलिफोन क्रमांकही घातला होता. चोरट्या नकलेविरुद्ध जन्मलेली वस्तू पुढे चोरट्या नकलेवरच पोसली गेली.

मराठी मुलखात या विषयाची खरी नोंद पुण्यात होते. कॅलक्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून संगणकांच्या दुरुस्तीकडे वळलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्राचे शिक्षण घेणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांच्या हे ध्यानात आले, की दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांचा बिघाड विजेच्या भागांत नसून विषाणूंमुळे झालेला असतो, आणि एकदा साफ केलेले यंत्र पुन्हा तेच दुखणे घेऊन येते. संजय यांनी त्यावर लिहिलेल्या छोट्या उपाय-कार्यक्रमांतून १९९५ मध्ये क्विक हील हे उत्पादन बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीच्या टेबलावरून या प्रश्नाकडे पाहणारी माणसे त्याच्या मुळाशी लवकर पोचली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. रोग्याला वारंवार पाहणाऱ्याला जे कळते ते औषधाचे पत्रक लिहिणाऱ्याला कळतेच असे नाही.

त्या आरंभीच्या काळातला गाजलेला विषाणू म्हणजे ‘मायकलअँजेलो’. फ्लॉपी यंत्रात विसरून संगणक सुरू केला की तो हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागात जाऊन बसे आणि ६ मार्च या त्याच नावाच्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी डिस्कवरील महत्त्वाचा भाग पुसून टाकी. १९९२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत संगणक उद्ध्वस्त होतील असे अंदाज अमेरिकी वृत्तपत्रांत झळकले. प्रत्यक्षात नुकसान झाले ते काही हजार संगणकांचे. यावरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष त्या वेळी काढले गेले: भीती घालून माल खपवणाऱ्यांनी लोकांना बनवले, असा एक, आणि लोकांनी वेळीच खबरदारी घेतल्यामुळेच अनर्थ टळला, असा दुसरा. ७ मार्चच्या सकाळी सुखरूप सुरू झालेल्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला या दोहोंतील खरे कोणते हे कळण्याचा काहीही मार्ग नव्हता.

घरच्या पहाऱ्याचे मर्म येथे आहे. शेताला कुंपण घातले तर गुरे आत न शिरल्याचे डोळ्यांना दिसते. अँटिव्हायरसने वर्षभरात काय अडवले याचा पुरावा म्हणजे त्यानेच दाखवलेला एक आकडा, आणि तोही तपासता न येणारा. चोर आला नाही म्हणून पहारेकरी चांगला, की पहारेकऱ्याला न दिसणारा चोर आत बसलेलाच आहे, याचा निवाडा पहारेकऱ्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. वर्ष संपत आले की नूतनीकरणाची सूचना लाल रंगात येऊ लागते, आणि तशाच लाल रंगात, ‘तुमच्या संगणकात इतके विषाणू आढळले’ असे सांगणारी बनावट अँटिव्हायरसची जाहिरातही येते. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही घाई करणाऱ्या. ज्याला कन्नड सातबारा, म्हणजे ‘पहाणी’, वाचता येते, मराठी वर्तमानपत्र वाचता येते आणि उर्दूतील जुने खतही लावता येते, असा सीमाभागातील साक्षर गृहस्थ या दोन लाल खिडक्यांपुढे निरक्षर ठरतो. पण ते निरक्षरपण त्याचे नसून खिडक्या तशा बनवणाऱ्यांनी लादलेले आहे.

या अनिश्चिततेला गणिताचाही आधार आहे. फ्रेड कोहेन यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना, स्वतःच्या प्रती पसरवणारा कार्यक्रम प्रत्यक्ष चालवून दाखवला आणि पुढील वर्षीच्या निबंधात हे सिद्ध केले, की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा आणि निर्दोष कार्यक्रमावर कधीही चुकीचा आळ न घेणारा परिपूर्ण परीक्षक असूच शकत नाही. युक्तिवाद समजायला अवघड नाही. असा परीक्षक आहे असे क्षणभर मानावे. मग असा एक कार्यक्रम लिहावा, जो आरंभीच त्या परीक्षकाला ‘मी विषाणू आहे का?’ असे विचारतो, उत्तर ‘होय’ आले तर गप्प बसतो आणि ‘नाही’ आले तर स्वतःच्या प्रती पसरवू लागतो. परीक्षकाने काहीही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते, म्हणून तो परिपूर्ण परीक्षक मुळात अस्तित्वातच नसतो. त्यामुळे प्रत्यक्षातील अँटिव्हायरस दोन अपुऱ्या उपायांवर चालतात: ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी, जिला ‘सिग्नेचर’ म्हणतात आणि जी सतत ताजी ठेवावी लागते, आणि कार्यक्रमाच्या वागणुकीवरून बांधलेला संशय. पहिला नव्या विषाणूला चुकतो, दुसरा कधीकधी सज्जनाला पकडतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष यादीने विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एका अत्यावश्यक फाईलला विषाणू ठरवले आणि असंख्य यंत्रे पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष फाईलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक कोलमडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तेथे निदान मोठ्या संस्था होत्या, यंत्रे उभी करणारे तज्ज्ञ होते. घरात असे काही झाले, की ‘सीपीयू’ काखोटीला मारून मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी नेणे, आणि तेथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य ऐकणे, एवढाच उपाय उरतो. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडणे. त्यात विषाणू जातो आणि त्याच्यासोबत मुलीच्या बारशाचे फोटो, दहा वर्षांचा दुधाचा हिशेब आणि तीन अर्धवट अर्जही जातात. प्रती काढून ठेवायला हव्या होत्या, हे खरे. पण त्या ज्या पेन ड्राइव्हवर काढायच्या, त्याच पेन ड्राइव्हचा तर संशय होता.

पहाऱ्याची जबाबदारी एकेका घरावर टाकण्याची रीत जुनी नाही, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे. गावगाड्यात रात्रीच्या राखणीसाठी जागल्या असे, कन्नड मुलखात तळवार. त्याचे बलुते सारे गाव देई, आणि चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढणे त्याचे काम असे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला, की पुढचा शोध आणि भरपाईची जबाबदारी त्या गावावर जाई; पेशवाईच्या प्रदेशातील ही पद्धत ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या अहवालात नोंदवली आहे. ती व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडून राखण करून घेतली त्यांना गावाने वेशीबाहेरच ठेवले, आणि चोरीचा पहिला संशयही अनेकदा त्यांच्यावरच घेतला. पण निदान एवढे तिच्यात गृहीत होते, की एका घरातली चोरी हा साऱ्या गावाचा प्रश्न असतो आणि माग कोणीतरी शिवेपलीकडे चालवलाच पाहिजे.

संगणकाच्या जगात माग चालवण्याची सोय कायद्याने केलेली आहे, ती कागदावर भक्कम दिसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये विनापरवाना संगणकात विषाणू सोडणाऱ्याकडून भरपाईची, कलम ६६ मध्ये तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास शिक्षेची आणि कलम ७५ मध्ये गुन्हेगार देशाबाहेर असला तरी भारतातील संगणकाशी संबंध असल्यास हाच कायदा लागू होण्याची तरतूद आहे. मात्र कोहिनूरच्या घरातून माग काढू लागले, तर तो भाच्याच्या पेन ड्राइव्हपर्यंत, तेथून उमरग्याच्या दुकानापर्यंत, म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडे जातो, आणि तेथे त्या दिवशी येऊन गेलेल्या शेकडो निरपराध हातांत विरून जातो. माग शेवटपर्यंत पोचला तरी काय होते, याचा दाखला मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ या वर्मने घालून दिला: शोध मनिलातील एका तरुणापर्यंत पोचला, पण तेव्हा फिलिपिन्समध्ये या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. जागल्याला शीव सापडली आणि पलीकडे गावच नव्हते, असा तो प्रकार. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र घरच्या यंत्रांसाठी विनामूल्य साधने देते, सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेले पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ त्यांत आहे; सामाईक पहाऱ्याच्या कल्पनेला सर्वांत जवळ जाणारे हे पाऊल, पण गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांत त्याचे नावही क्वचितच ऐकू येते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अँटिव्हायरस प्रणालीतच अंगभूत येऊ लागले, पेन ड्राइव्हची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली, युनिकोडमुळे मराठी आणि कन्नड मजकूर फॉन्टाविना प्रवास करू लागला, आणि घरच्या संगणकाचा त्रास खरोखरच कमी झाला. हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. त्यातली प्रत्येक सुधारणा दार बांधणाऱ्यांनी केली, घरच्या माणसाच्या सावधगिरीने नव्हे. हल्लेखोर मात्र त्याच जुन्या वाटेने फोनकडे वळले. २०२४ च्या अखेरीस अनेक राज्यांच्या पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या ‘एपीके’ फाईलींबद्दल इशारे दिले; एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाईल, आणि ती पत्रिका समजून उघडली व मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी वाचणारा कार्यक्रम फोनमध्ये बसतो. जिथे सोयरीक भालकी-निलंग्यापासून आळंद-अक्कलकोटपर्यंत पसरलेली आहे आणि पत्रिका न उघडणे म्हणजे नाते तोडणे, तेथे ही फाईल लिहिणाऱ्याला माणसांची पारख विषाणू-संशोधकांहून अधिक आहे, हे कबूल करावे लागते.

घरांत उरलेल्या जुन्या संगणकांपुढे आता निराळाच पेच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांना काही अटींवर त्यापुढे आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय तेव्हा ठेवली गेली, पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेसाठीची विशिष्ट चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, जो शाळेच्या निकालपत्रांसाठी किंवा पतसंस्थेच्या वह्यांसाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्रांत बहुधा नसतो. ही यंत्रे चालतात, त्यांवर नुडीही आहे आणि श्रीलिपीही. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून ती आणखी काही वर्षे सुरक्षित चालवता येतील, पण मग त्या जुन्या फॉन्टांत टंकलेला सगळा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल; आणि ते काम करून देणारे दुकान तालुक्याच्या गावी शोधावे लागेल, पेन ड्राइव्ह घेऊन.